श्वासापुरती जागा

मित्रांनो, मी एक जुना बाजा आहे, पण मला सगळे ‘कपाट’ म्हणतात. यात कोणाचा दोष नाही. उंची, रुंदी, वजन आणि पॉलिश या सगळ्या बाबतींत मी कपाटासारखाच आहे, आणि आयुष्यातली बरीच वर्षं मी खरोखर कपाट म्हणूनच काढली आहेत. त्या काळात माझ्या पोटात उशांचे अभ्रे होते. अभ्र्यांच्या आधीपासून माझ्या पोटात तीन माणसंही आहेत. घाबरू नका. मी त्यांना खाल्लेलं नाही.

मला एका सुताराने आणि त्याच्या साडूने मिळून बनवलं. साडू रेडिओ दुरुस्त करायचा. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नसे, त्यामुळे माझा लाकडी भाग आणि विजेचा भाग यांचंही आजतागायत फारसं पटत नाही. माझी रचना मात्र सोपी आहे. माझ्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रणाची एक फीत आहे. पट्टी दाबली की फीत पुढे सरकते आणि तिच्यावर साठवलेला सूर वाजतो. बोट उचललं की एक स्प्रिंग तिला मागे ओढते.

हे सूर साडूने एका खोलीत, खिडक्यांना गोधड्या लावून मुद्रित केले. त्याने एका हॉटेलात जेवणाऱ्यांपुढे व्हायोलिन वाजवणारे तीन वादक बोलावले आणि दिवसभर त्यांच्याकडून एकेक सूर वाजवून घेतला. गोधड्यांमुळे खोलीत इतकं उकडत होतं की त्यातल्या जाड्या वादकाने बनियनवर वाजवलं. एका सुरात त्याची खुर्ची करकरते, दुसऱ्या एका सुरात कोणीतरी घसा खाकरतं. ते तिघेही आता हयात नाहीत. पण डावीकडची तिसरी काळी पट्टी दाबा, जाड्या अजून खुर्चीत सावरून बसतो.

प्रत्येक सूर आठ सेकंदांचा आहे. त्याहून लांब वाजवायचा तर फीत लांब हवी, फीत लांब तर कपाट उंच हवं, आणि कपाट उंच केलं असतं तर ते साडूच्या घराच्या दारातून बाहेर निघालं नसतं. सुतार म्हणाला, दार मोठं करू. साडू म्हणाला, तुझ्या घराचं कर. विषय तिथेच मिटला. आठ सेकंद झाले की मी टक् करून गप्प होतो, आणि स्प्रिंग फीत मागे ओढेपर्यंत गप्पच राहतो. माझ्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी उणीव एका दाराच्या उंचीतून आली आहे. ती लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्या उणिवेवरच येऊन ठेपणार आहे.

मला विकत घेतलं ते चार तरुणांच्या एका रॉक बँडने. त्यांना गाण्यांमागे मोठा वाद्यवृंद हवा होता, आणि वाद्यवृंद त्यांना परवडत नव्हता. मला वाजवायचे ते मास्तर. बँडमध्ये येण्यापूर्वी ते लहान मुलांना पियानो शिकवत, म्हणून मास्तर. गायक होते मास्तरांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मास्तर त्यांना रीतीप्रमाणे ‘दाजी’ म्हणत. मग ढोल बडवणारा ठोक्या त्यांना दाजी म्हणू लागला, मग गिटारवाला, मग वर्तमानपत्रं. शेवटी तुडुंब भरलेल्या सभागृहांत केस वाढवलेली हजारो पोरं ‘दाजी, दाजी’ म्हणून ओरडायची. ताई, म्हणजे मास्तरांची बहीण, विंगेत उभी राहून शांतपणे म्हणायची की एवढी भावंडं आहेत हे आईने मला सांगितलं नव्हतं.

त्यांची गाणी लांब असत. साधी लांब नव्हे. एक गाणं तबकडीची अख्खी बाजू खाऊन टाकायचं. श्रोते मध्ये उठून, बाहेर चहा पिऊन, एखादं जुनं भांडण मिटवून परत येत, तरी तेच गाणं चालू असे. सर्वांत गाजलं ते ‘घड्याळजी’. एका गावाच्या मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करणारा माणूस असतो, तो घड्याळाला किल्ली देत राहतो आणि गाव म्हातारं होत जातं. त्याचा नेमका अर्थ मला कळला नाही. दाजींनाही कळला नव्हता. लिहिलं त्यांनीच होतं.

या गाण्यात मी वाजायचो, आठ सेकंदांनी गप्प व्हायचो आणि पुन्हा वाजायचो. सुरुवातीला मास्तरांच्या नाकी नऊ आले. मग त्यांनी गाणंच माझ्या मापाने बेतलं. ओळ संपेल तिथे मी संपायचो. मी गप्प झालो की दाजी श्वास घ्यायचे, आणि माझी फीत जागेवर गेली की पुढची ओळ उचलायचे. हे कोणी ठरवलं नव्हतं. संसारात बऱ्याच गोष्टी बसून ठरवलेल्या नसतात, पण वर्षानुवर्षं तशाच चालतात, तसं ते होतं. दाजींनाही पत्ता नव्हता. आपण कुठे श्वास घेतो हे तरुण माणसाला कुठे माहीत असतं?

एका विद्वान गृहस्थांनी या थांब्यांवर मोठा लेख लिहिला. हे थांबे म्हणजे विश्वाच्या पोकळीचा उद्गार आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मास्तरांनी तो लेख सर्वांना वाचून दाखवला. पोकळी साडूच्या दाराची होती.

ते दिवस चांगले होते. मला गाडीत चढवायला चार हमाल लागत. त्यातल्या एकाने घाम पुसत विचारलं होतं की यात मढं आहे का. ठोक्या म्हणाला, “एक नाही, तीन आहेत. हळू धरा.”

याच दिवसांतली आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. एकदा दौऱ्यावर असताना माझ्या अगदी उजवीकडच्या पट्टीची फीत तुटली. व्हायोलिनवाले तिघे तिथे कुठून आणणार? मास्तरांनी कोरी फीत कापली, दाजींना हॉटेलच्या न्हाणीघरात उभं केलं आणि म्हणाले, “दाजी, एक आ लावा.” मुद्रण जरा आधीच सुरू झालं, त्यामुळे फितीवर आधी दाजींचा श्वास आहे, चांगला छाती भरून घेतलेला, आणि मग सूर. ताई दाराशी टॉवेल घेऊन उभी होती. ती पट्टी कोणत्याच गाण्यात लागत नव्हती. फीत तशीच राहून गेली.

पुढे नवे बाजे आले. इस्त्रीच्या टेबलाएवढे चपटे, एका माणसाने काखेत मारावेत इतके हलके, आणि पट्टी दाबून धरली तर उद्या सकाळपर्यंत न दमणारे. मास्तर मला सोडताना रडले. रडले, पण नवा घेतला. मी ताईच्या घरी मागच्या खोलीत गेलो. ताई काटकसरी आहे. एवढी जागा अडवून नुसतं उभं राहणं तिला पटण्यासारखं नव्हतं. तिने माझ्या पोटातल्या मोकळ्या जागेत अभ्रे आणि चादरी भरल्या आणि माझ्या झाकणावर ती इस्त्री करू लागली. तिथे एक तपकिरी डाग आहे. ती एकदा फोन घ्यायला गेली होती.

बँडही राहिला नाही. कोणाच्या गाण्यावर कोणाचं नाव छापायचं, यावरून चौघांची तोंडं फिरली. मास्तर पुन्हा मुलांना शिकवू लागले. दाजींनी फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात गायली. ती ‘घड्याळजी’पेक्षा जास्त लोकांना पाठ आहे. फरशी चमकत राहिली, आणि दाजी सिगारेटी ओढत राहिले. मग एक दिवस डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि पुन्हा पुन्हा निरखून बघितला. डावं फुप्फुस आता नावापुरतं उरलं होतं.

माझी खोली जिन्याला लागून आहे, त्यामुळे जिन्यातलं सगळं मला ऐकू येतं. घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खिडकी आहे आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसते. दाजी तिथे थांबू लागले. भिंत बघायला. पिशव्या घेऊन मागून येणारी ताई खालच्या पायरीवर थांबायची. कधी म्हणाली नाही की दमलात का. एकदा फक्त म्हणाली की पावसाने भिंतीचा रंग पार गेला हो. दाजी म्हणाले, हो ना, तेच बघत होतो. मग दोघं वर आली.

अशातच गिटारवाला गेला. शोकसभेत उरलेले तिघे शेजारी शेजारी बसले. बसावंच लागलं, खुर्च्या तशा मांडल्या होत्या. तिथेच एका सभागृहाच्या मालकांनी विषय काढला, की तुमची जुनी गाणी एकदा अख्ख्या वाद्यवृंदाबरोबर करू या. ज्या वाद्यवृंदाची नक्कल करायला मला आणलं होतं, तो आता खराखुरा येणार होता. तिघेही हो म्हणाले. दाजी सर्वांत आधी म्हणाले. घरी येताना जिन्याच्या खिडकीशी थांबून त्यांनी ताईला सांगितलं, “‘घड्याळजी’ एकदा पुरतं गाईन म्हणतो. शेवटच्या ओळीपर्यंत. मग भिंत बघत बसायला मोकळा.”

गाण्याचा ताण या छातीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं दोघांनाही माहीत होतं. ताई म्हणाली, “पुरतं गा. पण चालत घरी या.”

वाद्यवृंदाच्या संचालिका एक चाळिशीतल्या बाई होत्या. त्यांचे वडील ही गाणी ऐकत, आणि लहानपणी बाई त्यांच्या मांडीवर बसून त्या लांबच लांब तबकड्या ऐकत झोपी जात. त्या मला बघायला घरी आल्या, माझ्यासमोर चक्क गुडघे टेकून बसल्या आणि माझ्या पोटातले अभ्रे त्यांनी स्वतःच्या हातांनी बाहेर काढून, नीट घडी करून ताईला दिले. मित्रांनो, इतका मान मला कोणी दिला नव्हता. मला पुसून, तेलपाणी करून सभागृहात नेलं आणि रंगमंचावर उभं केलं. वाजवायला नव्हे, शोभेला. विजेची वायर गुंडाळून पाठीमागे लटकवली होती.

पहिल्या तालमीला बाईंनी सर्वांसमोर सांगितलं की त्यांनी ‘घड्याळजी’वर वर्षभर काम केलंय. “तेव्हा तुमच्याकडे माणसं नव्हती, यंत्र होतं,” त्या म्हणाल्या. “यंत्र दमायचं तिथे गाणं तुटायचं. ती सगळी तुटकी ठिकाणं मी सांधली आहेत. आता कुठेही खंड पडणार नाही.”

मास्तरांचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. माझं व्यंग कोणीतरी इतक्या प्रेमाने झाकलं होतं.

मग ती पन्नास माणसं वाजवू लागली. माझ्या पोटातल्या तिघांना चांगली सोबत मिळाली असती तर ते कसे वाजले असते, हे मी त्या दिवशी ऐकलं. सूर संपतच नव्हता. एकाचा गज परतायचा तोवर दुसऱ्याचा निघालेला असायचा. आणि त्या न संपणाऱ्या सुरावर दाजी गाऊ लागले. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात त्यांनी एक शब्द गिळला. तिसऱ्यात अर्धी ओळ. चौथ्याला त्यांनी हात वर करून सर्वांना थांबवलं आणि घसा कोरडा पडल्याचं सांगितलं. ठोक्या म्हणाला की दाजी, घसा नाही, वय. सगळे हसले. दाजीही हसले, पण ते हसणं पुरं व्हायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

रोज तसंच होऊ लागलं. सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं की म्हातारपण आहे, चालायचंच. बाईंनी त्यांचा सूर खाली आणला, खुर्ची दिली, मध देऊन बघितला. मी तिथेच उभा होतो आणि मला कारण माहीत होतं. त्या प्रत्येक सांधलेल्या जागी पूर्वी मी गप्प असायचो. पण पाठीमागे वायर गुंडाळलेला बाजा कोणाला काय सांगणार?

एका तालमीला ताई गरम पाण्याचा थर्मास घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. तिला गाण्यातलं फारसं कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. तिने ‘घड्याळजी’ अर्धं ऐकलं. मग उठून मास्तरांपाशी आली आणि हळूच विचारलं, “यांना श्वास घ्यायला जागा कुठे आहे रे यात?”

मास्तर माझ्यापाशी आले, माझ्या मुक्या पट्ट्यांवर त्यांनी बोटं ठेवली आणि वाद्यवृंदाच्या बरोबरीने ते जुन्या सवयीने वाजवू लागले. सूर धरला, बोटं उचलली, थांबले. सूर धरला, बोटं उचलली. जिथे जिथे त्यांची बोटं वर होती, तिथे तिथे समोर पन्नास माणसं वाजवत होती आणि दाजी लाल होत होते. तिसऱ्यांदा बोटं उचलल्यावर मास्तरांनी ती परत खाली ठेवली नाहीत.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या माझ्या स्टुलावर बसल्या. “म्हणजे मीच बुजवल्या त्या,” एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी पेन्सिल काढली आणि सगळ्या जागा आजच्या आज मोकळ्या करते म्हणाल्या. प्रश्न मिटला असता. पण दाजींनी ऐकलं आणि ते उसळले.

“पन्नास माणसं माझ्या धापेसाठी थांबणार? मग तिकिटावर तसंच छापा, म्हातारा दम खाईल तेव्हा आपणही खावा.”

मास्तरांनी समजावलं. बाईंनी विनवलं. दाजींचं एकच, की गाणं सांधलंय ना, मग सांधलेलंच गाईन. ताई थर्मासचं झाकण लावून घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली ती तक्रार घेऊनच. सर्वांच्या देखत तिने बाईंना सांगितलं की या कपाटाने माझी अख्खी खोली इतकी वर्षं अडवली, आणि आता ते इथे नुसतं शोभेला उभं आहे, हे मला चालणार नाही. निदान शेवटचा भाग त्याला एकट्याला वाजवू द्या. पन्नास माणसांना तेवढीच विश्रांती.

दाजी म्हणाले, “अगं, ते लंगडं आहे. दर आठ सेकंदांनी बंद पडेल.”

“पडू दे की. लोक त्याला हसतील, तुम्हाला काय त्याचं?”

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं त्यांना समजलं. मग त्यांनी माझ्या झाकणावरच्या त्या तपकिरी डागावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरं. म्हाताऱ्याला सांभाळून घेऊ.” म्हातारा म्हणजे मी.

मित्रांनो, माझी वायर सोडून भिंतीत घातली तेव्हा मला काय वाटलं ते कसं सांगू? जन्मभर ज्या व्यंगाची मला लाज वाटली, त्याच्या आडोशाला एका माणसाला उभं राहायचं होतं. बाईंनीही गुपचूप आपलं काम केलं. आधीच्या कडव्यांतल्या पुष्कळ ओळी त्यांनी वाद्यांना देऊन टाकल्या, आणि दाजींना सांगितलं की तुमच्या चाली वाद्यांवर खुलतात. दाजींना तो मान वाटला. शेवटच्या तालमीला त्यांनी ‘घड्याळजी’ शेवटच्या ओळीपर्यंत गायलं. मी थांबलो, त्यांनी श्वास घेतला, मी वाजलो, ते गायले. ताईने पहिल्या रांगेत पर्समधून आवळासुपारी काढावी तसा शांतपणे रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहात बसायला जागा नव्हती. जुनी पोरं आली होती. केस गेले होते, पोटं आली होती, पण ओरडणं तेच होतं. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. ‘घड्याळजी’ सुरू झालं, वाद्यवृंदाने आकाश भरून टाकलं आणि मग बाईंनी काठी खाली ठेवली. पन्नास माणसं गप्प झाली. मास्तरांनी माझ्या पट्ट्या दाबल्या.

इतक्या वर्षांनी माझ्या तिघांचा तो किरकिरा, थरथरता आवाज सभागृहात गेला. लोकांना तो ओळखीचा होता. दाजींनी पहिली ओळ गायली. आठ सेकंद झाले, मी टक् करून थांबलो.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांचा काय दोष? ती शांतता त्यांच्या तबकड्यांमधली होती, तरुणपणातली होती. ती परत आलेली बघून त्यांना राहवलं नाही. पण टाळ्या ऐकल्यावर दाजींनी काय करावं? जे आयुष्यभर केलं तेच त्यांनी केलं. हसले, मान लववली, हात उंच केला. तोवर माझी फीत जागेवर गेली होती आणि पुढची ओळ आली होती. ती त्यांनी आधीच्या श्वासावर गायली.

मी पुन्हा थांबलो. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. पुन्हा हात वर. विंगेत ताई होती. ती हलक्या आवाजात म्हणत होती, “अहो, हात खाली. श्वास घ्या.” विंगेच्या सर्वांत जवळ मी होतो, म्हणून मला ऐकू आलं. दाजींच्या एका बाजूला ताई होती आणि दुसऱ्या बाजूला हजारभर माणसं प्रेम करत होती.

मास्तरांनी जास्त वेळ थांबून बघितलं. जितकं थांबावं तितक्या टाळ्या वाढायच्या, आणि टाळ्या वाढल्या की दाजींचा हात खाली यायचा नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो की आज तरी एखादी फीत तुटू दे, धूर निघू दे, काहीही होऊ दे. पण त्या दिवशी मी अगदी चोख वाजत होतो. साडूला अभिमान वाटला असता.

शेवटची ओळ आली. गाण्यात गाव ओस पडलेलं असतं आणि घड्याळजी स्वतःशीच म्हणतो, ‘उद्या किल्ली कोण देणार?’ मास्तरांनी सूर धरला. दाजींनी तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. त्यांनी एक हात माझ्यावर टेकला. त्यांचं सगळं वजन माझ्यावर आलं, ते फार नव्हतं. सूर संपला. मास्तरांनी तो पुन्हा धरला. पुन्हा संपला. मग दाजींनी दुसऱ्या हातातला माइक लोकांकडे वळवला.

अख्ख्या सभागृहाने ती ओळ गायली. उभं राहून, रडत, बेसूर. त्यांना वाटलं, दाजींनी आपली शेवटची ओळ आम्हाला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनीही तसंच लिहिलं. एकाने तर लिहिलं की असा दिलदार समारोप पाहिला नव्हता.

दाजी चालत घरी आले नाहीत. रंगपटातून त्यांना प्राणवायूची नळी लावूनच नेलं. इस्पितळात ते थोडे दिवस होते. मास्तर सांगतात, बोलणं जवळपास नव्हतंच. एकदा मात्र त्यांनी खूण करून मास्तरांना जवळ बोलावलं आणि विचारलं, “कपाट कसं वाजलं?” मास्तर म्हणाले, “छान वाजलं दाजी.” दाजी म्हणाले, “लंगड्याने मला वाट काढून दिली होती रे.” त्या आठवड्यातच ते गेले.

सभागृहाच्या मालकांना मी दर्शनी दालनात काचेमागे हवा होतो. बाईंनीही विचारलं. त्या रोज ताईकडे येऊन बसतात, अजूनही येतात, आणि ताई त्यांना दरवेळी सांगते की तुमचं काही चुकलं नाही. बाईंना ते पटत नाही. ताईने मात्र मला घरी आणलं, मागच्या खोलीत जागेवर उभं केलं. या वेळी अभ्रे भरले नाहीत. वायर भिंतीत घातली.

मित्रांनो, अशा आत्मवृत्ताच्या शेवटी आम्हा जुन्या वस्तूंनी तुम्हाला काही मागायचं असतं. पुसा, तेल घाला, भंगारात देऊ नका, वगैरे. ते सगळं तुम्ही कराल किंवा करणार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणी जिना चढताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत असेल, तर ‘काय बघताय’ असं विचारू नका. पुढे जाऊन वरून हाकाही मारू नका. एक पायरी खाली उभे राहा आणि तुम्हीही भिंत बघा. कोणी बोलता बोलता गप्प झालं, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. आणि कोणी तुम्हाला फारच आवडत असेल, तर त्याचं गाणं संपेपर्यंत हात मांडीखाली दाबून बसा. टाळ्या नंतरही वाजवता येतात.

ताई रोज दुपारी भांडी आवरली की माझ्यापाशी येते. झाकण उघडते, स्टूल ओढते. तिला वाजवता येत नाही, आणि तिला एकच पट्टी माहीत आहे, अगदी उजवीकडची. ती पट्टी दाबते. न्हाणीघरातल्या त्या दिवसाचा, छाती भरून घेतलेला श्वास खोलीत येतो.

सूर सुरू व्हायच्या आत ती बोट उचलते. सूर तिला नको असतो, तो सगळ्यांना मिळाला होता. मी फीत मागे ओढतो. ती पुन्हा पट्टी दाबते. फितीचा तेवढाच भाग रोज झिजतो आहे, आणि हे मी तिला सांगू शकत नाही. सांगता आलं असतं तरी सांगितलं नसतं. ती दाबते, मी देतो. मग दोघंही थोडा वेळ थांबतो.